मशीन थांबलं की अक्का बोलायच्या

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी खिडकीशी बसून साडीला फॉल लावत होते. दवाखान्यातून यांचा फोन आला. "मंदा, वहिनी गेल्या," एवढंच हे म्हणाले. मी फोन कानाला तसाच धरून राहिले. पलीकडून हे "ऐकतेयस ना? ऐकतेयस ना?" विचारत होते. मग मी काय केलं, तर राहिलेला फॉल लावून टाकला. हात आपले आपण चालत होते... गाठ मारली, दोरा दाताने तोडला, साडीची घडी घातली आणि रोजच्यासारखी समोरच्या पाटावर ठेवली. तो पाट अक्कांचा. घडी ठेवली की त्या ती उचलून उलटीसुलटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "टाका मोठा झालाय, मंदे." त्या दिवशी घडी तशीच पडून राहिली. तेव्हा मला खरं समजलं.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मी देगलूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन गौलीगुड्यातल्या या घरात आले तेव्हा चौथी शिकलेली होते, आणि कुणी नाव विचारलं तरी पदर तोंडाशी जायचा. त्यात हे शहर असं, की दाराबाहेर पाऊल टाकलं की भाषा बदलते. अक्का भाजीवालीशी तेलुगूत भांडायच्या, रिक्षावाल्याशी दखनीत आणि देवाशी मराठीत. सुलतान बाजारातल्या साड्यांच्या दुकानांतून त्या फॉल लावायचं काम आणायच्या आणि मी ते घरी बसून करायचे. दुकानदाराशी बोलणं, घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला गप्प बसवणं, रंग जुळला नाही तर परत जाऊन भांडणं, हे सगळं त्यांच्याकडे. "आमची मंदा म्हणजे बंद पडलेला रेडिओ," त्या पाहुण्यांना सांगायच्या, "दिसायला छान, आवाज नाही." मी हसायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आपल्या वाटचं दुसरं कुणी बोलतंय, यात सावलीत बसल्यासारखं सुख होतं.

थोरले दीर, त्यांना मी दादा म्हणायचे, वीजखात्यात होते. ते गेले तेव्हाही अक्का फार रडल्या नाहीत. दिवस झाले आणि त्या पिशवी घेऊन बाजारात निघाल्या. आम्हाला वाटलं, बाई घट्ट आहे. पुढे एकदा त्या बाजारातून आल्या तर एका पायात चप्पल नव्हती. मी बोटाने दाखवलं. त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चप्पल वाटेत कुठे तरी निघून गेली होती आणि पायाला कळलंच नव्हतं. "गेली असेल कुणाकडे जेवायला," असं म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं. पण मग जिना चढताना पाय अडखळायला लागला. रात्री कमरेतून कळ यायची. पुढे पुढे त्या भिंतीला हात धरून चालायला लागल्या, आणि मी बघतेय असं दिसलं की भिंतीवरची धूळ पुसल्यासारखं करायच्या.

मणक्याच्या डॉक्टरांनी तळव्यावर किल्ली ओढून पाहिली, गुडघ्यावर टकटक केली आणि सांगितलं, पाठीत काही तरी वाढलंय, ते नसांवर दाबतंय. एमआरआय काढल्याशिवाय मला काही करता येणार नाही. आणि वेळ घालवू नका, पायातली ताकद एकदा गेली की ती परत येईलच असं मी सांगू शकत नाही. परत येताना अक्कांनी रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडणही केलं नाही. उतरताना फक्त म्हणाल्या, "मला कुणी उचलून संडासला नेलेलं चालायचं नाही, मंदे. आधीच सांगून ठेवते."

मोठ्या दवाखान्यातलं मशीन म्हणजे एक लांब नळकांडं होतं. अक्कांना त्यात पाठीवर घालून आत सरकवलं आणि बाहेर काचेपाशी उभ्या असलेल्या आम्हाला आतून त्यांचा ओरडा ऐकू आला. तीन भाषांतला. बाहेर काढलं तेव्हा त्या घामाने भिजलेल्या होत्या. कुणाला न भिणारी ही बाई माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की माझ्या बांगड्या रुतल्या. "मला जिवंत पुरत होते गं..." त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. पुन्हा तेच. भूल देऊन करावं तर त्यांना दमा, डॉक्टर तयार नव्हते. घरी हे चिडले. "वहिनी, लहान मुलं करून घेतात!" तर त्या म्हणाल्या, "मग लहान मुलांचेच काढा."

शेवटी मणक्याच्या डॉक्टरांनीच मार्ग काढला. हिमायतनगरला एका जुन्या केंद्रात चारी बाजूंनी उघडं असलेलं मशीन आहे, म्हणाले. त्यातलं चुंबक कमी ताकदीचं असतं. वेळ जास्त लागतो, फोटो मोठ्या मशीनइतका स्वच्छ येत नाही, पण गाठ कुठून कुठवर आहे एवढं मला दिसलं तरी पुरे. मात्र एक आहे, म्हणाले, हलायचं नाही. तिथे एकेक फोटो सावकाश निघतो, मधे हललात की सगळं वाया.

हिमायतनगरच्या त्या केंद्रात यादगिरी नावाचा माणूस मशीन चालवायचा. केस पांढरे, आवाज मऊ. त्याने एक प्लास्टिकचं टोपलं पुढे केलं आणि म्हणाला, "अम्मा, लोहे का कुछ भी नक्को. पिनां, सुयां, सब इसमें डालो." फॉल लावणाऱ्या घरातल्या आम्ही बायका. अक्कांच्या खांद्यावरची पिन निघाली, बांगडीतल्या दोन निघाल्या, अंबाड्यातले आकडे निघाले, पोलक्याच्या गळ्याशी खोचलेली दोरा ओवलेली सुई निघाली, पदराच्या टोकाला आणखी एक निघाली. यादगिरी बघतच राहिला. "और है क्या अम्मा?" "अब चमडी निकालूं क्या?" अक्का म्हणाल्या. माझंही सगळं काढायचं होतं, कारण त्या मशीनशी सोबतीच्या माणसाला बसू देत. मी मंगळसूत्राला हात लावून घुटमळले तर यादगिरीने न विचारता कपाटातून हळकुंड बांधलेला पिवळा दोरा काढून दिला. इकडच्या बायका मंगळसूत्र काढायला तयार होत नाहीत, म्हणून तो तसे दोरे करून ठेवायचा. काढलेल्याच्या जागी काही तरी बांधलं म्हणजे बाई निवांत निजते, हे त्याला माहीत झालं होतं.

मशीन बघून अक्का थोड्या सैल झाल्या. जात्याचे दोन प्रचंड दगड एकावर एक ठेवावेत आणि मधे माणूस निजेल एवढी फट ठेवावी, तसं ते होतं. "दळून काढणार वाटतं मला," त्या म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. कमरेला रुंद पट्टा बांधला. बाजूने खोली दिसत होती, काच दिसत होती, लाकडी स्टुलावर बसलेली मी दिसत होते. यादगिरीने त्यांना हळूच आत सरकवलं आणि अक्का एकदम म्हणाल्या, "मंदे... ओढतायत गं."

"कोण?"

"हे." त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. भीती नव्हती त्यावर. "कमरेला धरलंय त्यांनी मला."

मी स्टुलावरून अर्धी उठले. पण अक्का शांत निजून राहिल्या, इतक्या शांत की यादगिरी काचेमागून खूश झाला. मशीनचा आवाजही मोठा नव्हता, बाहेरून कुणी दारावर हळूहळू बोटं वाजवावीत तसा. पहिला फोटो निघाला आणि यादगिरी पडद्याकडे वाकून बघायला लागला. मग तो बाहेर गेला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्या पुण्याकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला काचेमागे नेऊन पडदा दाखवला. साडीची उलटी बाजू बघितली की नक्षी कळते पण रेघा पुसट असतात, तसा तो फोटो होता. मणके ओळखू येत होते. आणि कमरेच्या खाली मात्र काळा खड्डा. जळून भोक पडावं तसा. मला वाटलं, हीच ती गाठ. "गाठ नाही हो मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांच्या अंगावर लोखंड राहिलंय कुठे तरी."

अक्का आधी म्हणाल्या, कुठे काही नाही. मग मला म्हणाल्या, "पोरीला बाहेर जायला सांग." मी कसलं सांगतेय? पण डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि त्यांच्या उशाशी खाली वाकून म्हणाल्या, "काकू, मी कुणाला सांगणार नाही. पण ते काढल्याशिवाय मला तुमची पाठ दिसत नाही. आणि मला ती बघायचीये."

अक्कांनी परकराच्या नाडीची गाठ चाचपली. नाडीत ओवलेली, चिंधीत शिवून टाकलेली, दादांची अंगठी होती. काळ्या घोड्याच्या नालेची, लोखंडी. साडेसाती लागली तेव्हा त्यांनी करून घेतली होती आणि शेवटपर्यंत बोटात होती. ते गेल्यापासून ती अक्कांच्या कमरेला होती. आंघोळ झाली की एका परकरातून दुसऱ्या परकरात. एका घरात राहून, एका दोरीवर कपडे वाळत घालून मला ते ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला ओढल्यासारखं वाटलं ते लोखंडामुळे हो, काकू. चुंबक आहे हे," डॉक्टरीणबाई समजावत होत्या.

"तुमच्यासाठी असेल लोखंड," अक्का म्हणाल्या. चिंधी उसवून अंगठी त्यांनी हातात घेतली खरी, पण सोडवेना. यादगिरीने टोपलं पुढे केलं तर म्हणाल्या, "पिनांत नाही टाकायची ती." मी हात पुढे केला, पण मला आत बसायचं होतं, माझ्याकडेही चालणार नव्हती. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती स्वतःच्या अंगठ्यात घातली. बाकी बोटांना ती सैल होत होती. "मी काचेशी बसते," त्या म्हणाल्या, "आणि हात असा वर धरून ठेवते. तुम्हाला तिथून दिसेल."

सगळं पुन्हा सुरू झालं. पण आता अक्कांची छाती वरखाली व्हायला लागली. बोटं चादर कुरतडायला लागली. "आता कोण धरणार मला?" त्या पुटपुटल्या. "मंदे, मला उठव. नको मला. जातील पाय तर जाऊ देत." यादगिरीचा आवाज वरच्या भोंग्यातून आला, "हिलो नक्को अम्मा." मग मला म्हणाला, "तुम चुप कैकू बैठे? बातां करो उनसे. कोई बातां करे तो लोगां हिलते नै."

मी त्यांचा पाय धरला. आणि बोला म्हणजे काय बोला? सगळा जन्म ज्यांच्यामागे गप्प राहून काढला, त्यांना मी काय सांगणार? काचेमागे दोन परकी माणसं ऐकत होती. शेवटी तोंडात आलं ते हे, की त्या आंबा रंगाच्या साडीला फॉल जुळत नाहीये, एक जरा पिवळा पडतो आणि एक जरा मातकट. मग म्हटलं, कोपऱ्यावरच्या कुत्रीला पिल्लं झालीत. मग म्हटलं, मी शाळेत पाढे छान म्हणायचे, तीसपर्यंत यायचे, पण पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मधे ओढा होता. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एक निघालं की त्यामागून दुसरं यायला लागलं. दारावर बोटं वाजल्यासारखा तो आवाज चालू होता आणि मी बोलत होते. मी म्हटलं, अक्का, मी या घरात आले त्या सकाळी मी गच्चीवर जाऊन लपले होते. तुम्ही शोधत वर आलात आणि काही न विचारता चहाचा कप माझ्या हातात दिलात आणि शेजारी बसून राहिलात. मला तेव्हा रडू आलं होतं. मला वाटलं होतं, ही बाई असेल तर मी इथे राहीन...

मशीन थांबलं. एक फोटो झाला की दुसरा सुरू होईपर्यंत ते थोडं थांबायचं, आणि तेवढ्यात बोलायची मुभा असायची. अक्कांचे डोळे मिटलेले होते, कडेने पाणी गेलेलं होतं. मग त्या म्हणाल्या, "त्या चहात साखर घालायची विसरले होते मी. म्हणून रडलीस होय?"

काचेमागून हसण्याचा आवाज आला. मी पण हसले. "आणि फॉल पिवळाच लाव," त्या घाईघाईने म्हणाल्या, "आणि कुत्रीला भाकरी टाक. आणि पाढे येत होते तर हिशेब माझ्या गळ्यात का घातलास इतके दिवस?" तेवढ्यात मशीन सुरू झालं आणि त्या पुन्हा दगडासारख्या निश्चल. मी पुढचं सांगायला लागले. सगळे फोटो होईपर्यंत असंच चाललं. मी सांगायचं, त्यांनी साठवायचं, आणि मशीन थांबलं की सगळ्याची उत्तरं एका दमात द्यायची. काचेपलीकडे डॉक्टरीणबाईंनी हात खाली घेतला नाही. थकला की दुसऱ्या हाताने कोपर धरायच्या.

गाठ दिसली. मणक्याच्या डॉक्टरांना हवी होती तेवढी स्पष्ट दिसली. ऑपरेशनमध्ये ती निघाली आणि ती वाईट जातीची नव्हती. पहिले महिने मी त्यांना धरून चालवलं, मग वॉकर आला, मग काठी. आणि एका सकाळी मी न्हाऊन आले तर काठी दाराआड होती आणि अक्का पिशवी घेऊन बाजारात गेलेल्या. आल्या त्या ओरडतच, मंदे, दोन्ही चपला मोजून घे!

पुढे तपासणीसाठी पुन्हा पुन्हा हिमायतनगरला जावं लागे. अक्का खोलीत शिरण्याआधी नाडीची गाठ स्वतःच सोडायच्या आणि अंगठी डॉक्टरीणबाईंपुढे धरायच्या, "घाल गं." त्यांच्यासाठी आम्ही लोणच्याची बरणी न्यायचो, यादगिरीसाठी पुरणाच्या पोळ्या. मोठी मशीनं शहरात किती तरी झाली, डॉक्टरीणबाई सांगायच्या, पण लहान मुलं, दमेकरी, घाबरणारी माणसं यांच्यासाठी हे जुनं ठेवलंय. अक्का म्हणायच्या, "घाबरणारी कोण? मी सोबतीला येते हिच्या."

आणि घरीही तेच सुरू झालं. दुपारी मी फॉल लावताना बोलत राहायचे आणि अक्का पाटावर डोळे मिटून ऐकायच्या. मधे एक शब्द नाही. मी सुईत दोरा ओवायला थांबले की मग त्यांची उत्तरं, एकामागून एक. बंद पडलेल्या रेडिओचं त्यांनी पुन्हा कधी नाव काढलं नाही. हे मात्र एकदा म्हणाले, "आपल्या घरात हल्ली कोण आलंय बोलायला?" अक्का म्हणाल्या, "भाऊजी, तुमची बायको. ओळख करून देऊ?"

त्यांना नेलं ते दम्याने, पाठीने नाही. शेवटच्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेले तेव्हा तोंडावर वाफेचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्या हातावर बोटांनी टकटक केलं. दारावर कुणी वाजवावं तसं. मी ओळखलं. मी बोलायला लागले. वाटाण्याची भाजी करपली, खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, जांभळ्या साडीवाली बाई पुन्हा भांडून गेली आणि या वेळी मी तिला उत्तर दिलं. त्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या. नर्स म्हणाली, वेळ झाली, बाहेर जा. मी म्हटलं, अक्का, राहिलेलं उद्या सांगते...

स्मशानात नेताना अंगावरचं सगळं काढतात. बायका बांगड्या काढत होत्या. यांना अंगठीचं कळलेलं होतं, त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ती काढायची का?" अंगणात सगळी माणसं उभी होती, गावाकडची, बाजारातली, थोरली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही. ती राहू दे. आता त्यांचे फोटो काढायचे नाहीत कुणाला." नंतर मला सांगितलं गेलं की माझा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. गेला असेल. अक्कांना कमरेला धरायला कुणी तरी हवं होतं, आणि माझे हात तिथवर पोचणार नव्हते.

सुलतान बाजारात आता मीच जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदाराने माझ्यामागे रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "अक्का रालेदा?" आल्या नाहीत का, म्हणून. मी सांगितलं. त्याने गल्ल्यावरचा हात काढून घेतला. मग गठ्ठ्यातली एक साडी पुढे करून म्हणाला, याचा रंग बघा, फॉल मिळेल का? मी म्हटलं, पिवळाच लावावा लागेल.

दुपारी घर रिकामं असतं. मी खिडकीशी बसते, पाट समोर ओढून ठेवते आणि बोलते. दुकानदार काय म्हणाला ते सांगते. यादगिरी वाटेत भेटला होता, त्याने तुमची चौकशी केली आणि मग रुमाल काढला, तेही सांगते. सांगता सांगता दोरा संपतो. दुसरा ओवायला मी थांबते. पूर्वी इथेच त्यांचं उत्तर यायचं... मी सुई उजेडाकडे धरून जरा जास्तच वेळ थांबते. खिडकीतून बाजाराचा आवाज येतो. पाटावर साडीची घडी तशीच असते.

मग मी मनाशी म्हणते, मशीन अजून थांबलेलं नसेल. हलायचं नाही, बोलायचं नाही, असं सांगितलं असेल त्यांना. आणि मी पुढचं सांगायला लागते.